मदत हवी आहे: वाचनालयाच्या भिंतीवर २१ परमवीर, पण ओंबळ्यांचं नाव त्यात का नाही हे गावाला कसं सांगू?

पुस्तकवेडी

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावचं वाचनालय मी सांभाळते. गावातल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी फौजेत आहे किंवा होतं. माझे वडीलही मराठा लाइट इन्फंट्रीत होते. येत्या २६ जानेवारीला वाचनालयाच्या आतल्या लांब भिंतीवर परमवीर चक्र मिळालेल्या सगळ्या वीरांची नावं आणि दोन-दोन ओळींची माहिती रंगवून घ्यायची, असं ठरलं. वर्गणी जमली, पेंटरने अर्धं काम केलंसुद्धा.

मग परवा बैठक झाली. त्यात एक निवृत्त हवालदार आजोबा उभे राहिले आणि म्हणाले, "तुकाराम ओंबळे आपल्या जिल्ह्यातले. हातात नुसती लाठी, समोर कसाब, आणि त्यांनी त्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवली. याहून मोठं शौर्य कुठलं? त्यांचं नाव नसेल तर ही भिंत कशाला?" मी म्हटलं, आजोबा, त्यांना अशोक चक्र मिळालंय, हे परमवीर चक्र आहे. त्यांनी लगेच विचारलं, "म्हणजे खालचं?" बैठकीत सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन रात्रभर तेच डोक्यात होतं.

तेव्हा जाणकारांना विनंती, मला नियम नीट समजावून सांगा. आणखीही काही गोष्टींचा घोळ आहे. मेजर धनसिंग थापांच्या नावापुढे आम्ही 'मरणोत्तर' लिहिलंय, पण एक मुलगा म्हणतो ते जिवंत परत आले होते. पेंटरने पदक सोनेरी रंगवलंय आणि फीत हिरवी, तेही मला खटकतंय. आणि महाराष्ट्रातले परमवीर किती, हे गावात सगळे विचारतात. भिंतीवर एकदा चुकीचं गेलं की पोरं तेच पाठ करतील, म्हणून ही घाई.

जुना_सॅपर

ताई, मी खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या अभियंत्यांच्या दलातून, निवृत्त झालो. आधी तुमच्या आजोबांच्या प्रश्नाचं सांगतो, कारण तो प्रश्न योग्य आहे आणि त्याला उत्तर मिळायलाच हवं.

दोन्ही पदकांच्या नियमांचे शब्द शेजारी ठेवून वाचा. अत्यंत ठळक शौर्य, किंवा धाडसाची वा असामान्य पराक्रमाची कृती, किंवा आत्मबलिदान, ही अट दोन्हींकडे जवळजवळ शब्दशः सारखी आहे. फरक फक्त पुढच्या तुकड्यात आहे. परमवीर चक्रासाठी ते 'शत्रूसमोर' घडलेलं असावं लागतं, जमिनीवर, समुद्रावर किंवा आकाशात. अशोक चक्रासाठी ते 'शत्रूसमोर नव्हे, अन्य प्रसंगी' घडलेलं असावं लागतं. म्हणजे शौर्याचं माप एकच आहे, प्रसंग वेगळा. पदकांच्या क्रमात अशोक चक्र परमवीरच्या लगेच पाठोपाठ येतं आणि पद्मविभूषणाच्याही आधी येतं. त्याला 'खालचं' म्हणणं बरोबर नाही.

आता ओंबळे. ते पोलीस दलातले सहायक उपनिरीक्षक. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी जे केलं त्यामुळे कसाब जिवंत पकडला गेला. २६ जानेवारी २००९ ला त्यांना मरणोत्तर अशोक चक्र जाहीर झालं. करकरे, कामटे आणि साळसकर यांनाही त्याच दिवशी. अतिरेक्यांशी झालेल्या अशा चकमकींसाठी अशोक, कीर्ती आणि शौर्य ही चक्रं आहेत, मग लढणारा लष्करातला असला तरी. आपल्या जिल्ह्यातले कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले, त्यांना शौर्य चक्र मिळालं, ते याच मालिकेतलं. पलटणीतली माणसं हा फरक मनात धरत नाहीत, पण कागदावर तो आहे.

थापांबद्दल तो मुलगा बरोबर आहे. २० ऑक्टोबर १९६२ ला लडाखमधल्या पँगाँग सरोवराच्या उत्तर काठावर सिरिजापच्या चौकीवर ते लढले. चौकी पडली, सगळ्यांना वाटलं ते गेले, आणि सन्मान मरणोत्तर म्हणून जाहीर झाला. प्रत्यक्षात ते चिनी कैदेत होते. मे १९६३ मध्ये सुटून परत आले आणि २००५ पर्यंत होते. तो शब्द आजच्या आज पुसा.

तळेगावकर

सॅपर काकांशी सहमत, पण एक शंका. 'शत्रूसमोर' म्हणजे युद्ध जाहीर झालेलं असावं लागतं ना? मग कॅप्टन गुरबचनसिंग सलारियांना १९६१ मध्ये काँगोत कसं मिळालं? तिथे तर आपली फौज संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होती.

जुना_सॅपर

युद्ध जाहीर असलंच पाहिजे अशी अट नाही. सलारियांनी ५ डिसेंबर १९६१ ला एलिझाबेथव्हिलमध्ये १६ जणांनिशी काँगोतून फुटून निघालेल्या कटंगा प्रांताच्या सुमारे ९० सशस्त्र सैनिकांवर चाल केली, त्यात ते पडले. ती शत्रूशी समोरासमोरची लढाई होती. सियाचीनवरची नायब सुभेदार बाणासिंगांची जून १९८७ ची चढाईही जाहीर युद्धातली नाही. श्रीलंकेत त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला पडलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचंही तसंच.

पुस्तकवेडी

काका, मनापासून आभार. हे सगळं वहीत उतरवून घेतलं. 'मरणोत्तर' कधी लिहायचं यावर थोडं आणखी सांगाल का? यादीत मला १४ जणांपुढे ते दिसतं. आणि हुद्दा कुठला लिहायचा? बाणासिंग कुठे नायब सुभेदार दिसतात, कुठे कॅप्टन.

जुना_सॅपर

२१ पैकी १४ मरणोत्तर, ७ जिवंतपणी. ते सात असे: रामा राघोबा राणे, करमसिंग, धनसिंग थापा, होशियारसिंग, बाणासिंग, योगेंद्रसिंग यादव आणि संजय कुमार. यादव सगळ्यांत लहान, टायगर हिलवर चढले तेव्हा १९ वर्षांचे होते.

हुद्दा त्या दिवशीचा लिहा, म्हणजे लढाईच्या वेळी जो होता तो. बाणासिंग निवृत्त होताना मानद कॅप्टन होते, पण सियाचीनची ती चौकी नायब सुभेदार बाणासिंगांनी जिंकली. माझ्या मते त्यातच त्यांचा मान आहे. पुढचा हुद्दा लिहायचाच असेल तर खालच्या ओळीत.

आता राण्यांबद्दल मला जरा मोकळेपणाने लिहू द्या, कारण ते आमच्या सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते आणि रस्ताभर सुरुंग पेरलेले, झाडं पाडून अडथळे केलेले. ८ एप्रिलला काम सुरू व्हायच्या आधीच मॉर्टरचा मारा झाला, राण्यांच्या तुकडीतले दोघे जागीच गेले, राण्यांसह पाच जण जखमी. सेकंड लेफ्टनंट राण्यांनी उरलेल्यांना गोळा केलं आणि जखमी पायानिशी ११ तारखेपर्यंत रस्ता मोकळा करत राहिले. १२ एप्रिलला राजौरी आपल्या हातात आली. जिवंतपणी हा सन्मान मिळवणारे ते पहिले. भिंतीवर त्यांच्या नावाखाली "किती शत्रू मारले" असं काही लिहू नका. त्यांनी रस्ता काढला. सॅपरचं शौर्य असं असतं, हे पोरांना कळू दे.

कारवारची_लेक

राण्यांचं नाव निघालं म्हणून लिहिते. ते आमच्या कारवारजवळच्या चेंडियाचे. महाराष्ट्रातले म्हणून त्यांचं नाव बऱ्याचदा येतं, पण कारवार आता कर्नाटकात आहे. बॉम्बे सॅपर्समुळे त्यांचं नातं पुण्याशी जुळलेलं, हे खरं. ताई, तुम्ही फक्त "कारवारजवळचे" असं लिहा, कुणाचंच मन दुखणार नाही.

महाराष्ट्राशी नातं असलेले आणखी दोघे तरी आहेत. मेजर परमेश्वरन यांचा जन्म मुंबईचा, आणि पलटण आठवी महार. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर मुंबईत जन्मले, शाळा पुण्यात. १९६५ मध्ये त्यांनी पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचं नेतृत्व करताना जखमी असूनही माघारी जायला नकार दिला. त्याच पूना हॉर्सचे २१ वर्षांचे अरुण खेत्रपाल १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत पडले. त्या रेजिमेंटच्या नावात पुणं आहे, पण दोघांची घरं वेगवेगळ्या ठिकाणची. "महाराष्ट्राचे किती" याचं एकच आकडी उत्तर भिंतीवर लिहू नये असं मला वाटतं.

रेघोट्या

पदकाचं मी सांगतो, चित्रकलेचा शिक्षक आहे. तुमच्या पेंटरने बहुधा अशोक चक्राचं चित्र समोर ठेवलंय. सोनेरी पदक, हिरव्या फितीत मधोमध केशरी रेघ, ते अशोक चक्र. परमवीर चक्र कांस्याचं, गोल, व्यास साधारण साडेतीन सेंटिमीटर. मध्ये राजमुद्रा आणि भोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती. मागच्या बाजूला परम वीर चक्र असं हिंदीत आणि इंग्रजीत, मध्ये दोन कमळं. फीत सपाट जांभळी, त्यात दुसरा रंग नाही.

या पदकाची रचना कुणी केली हेही लिहा. सावित्रीबाई खानोलकर. १९१३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या, माहेरचं नाव ईव्ह. लष्करातल्या विक्रम खानोलकरांशी लग्न करून इथल्या झाल्या, मराठी आणि संस्कृत शिकल्या, पुराणं वाचली. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी त्यांच्यावर हे काम सोपवलं. वज्र दधीचींच्या अस्थींचं बनलं होतं ही कथा त्यांना ठाऊक होती, म्हणून ते पदकावर आलं. आणि पहिलं परमवीर चक्र ज्यांना मिळालं ते मेजर सोमनाथ शर्मा, ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगामला पडलेले, हे सावित्रीबाईंच्या मुलीच्या नवऱ्याचे सख्खे भाऊ. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ ते पानच उलटलं नाही.

तळेगावकर

आणखी एक शंका. पदकाची स्थापना २६ जानेवारी १९५० ची, मग १९४७ च्या लढाईसाठी कसं मिळालं?

रेघोट्या

१५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कृत्यांना लागू, असं स्थापनेतच ठरवलं होतं.

पुस्तकवेडी

किती माहिती दिलीत सगळ्यांनी! एक बाकी राहिलं. काही तरुण म्हणताहेत, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनाही याच भिंतीवर घ्या.

जुना_सॅपर

दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीचे, तुमच्या वडिलांच्या रेजिमेंटचे. नाईक यशवंत घाडगे माणगावकडचे, १९४४ मध्ये इटलीत पडले. नामदेव जाधव नगर जिल्ह्यातल्या निमजचे, त्यांनी १९४५ मध्ये इटलीतच सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना पाठीवरून आणलं. दोघांचा सन्मान व्हिक्टोरिया क्रॉस. तो ब्रिटिशांचा, १८५६ पासूनचा, भारतीय सैनिकांना १९११ पासून खुला झालेला. परमवीरांच्या यादीत ते बसत नाहीत, पण वेगळी चौकट करून जरूर घ्या.

नदीकाठ

नियमांतलं एक कुणी सांगितलं नाही. परमवीर चक्रासाठी स्त्रियाही पात्र आहेत, सैन्यातल्या परिचारिका आणि सैन्याच्या हुकमाखाली काम करणारे नागरिकसुद्धा. आजवर २१ पुरुषांनाच मिळालंय, त्यातले २० लष्कराचे आणि एकटे फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों हवाई दलाचे. नौदलातल्या कुणालाही अजून नाही. पण दार सगळ्यांना उघडं आहे, हे एका ओळीत तरी भिंतीवर येऊ द्या. वाचनालयात मुलीही येतात.

पुस्तकवेडी

मंडळी, काल पुन्हा बैठक झाली. मी भाषण केलं नाही. दोन्ही पदकांचे नियम मराठीत लिहून नेले होते, ते फक्त मोठ्याने वाचले. हवालदार आजोबांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे शब्द तेच आहेत. नुसती जागा वेगळी." मी हो म्हटलं. ते बराच वेळ बोलले नाहीत, आणि नंतर त्यांनीच सुचवलं की दाराच्या उजव्या भिंतीला अशोक चक्राची चौकट करू, ओंबळ्यांपासून सुरुवात करू, आणि वर दोन्ही नियम शेजारी शेजारी लिहू. एकमताने ठरलं. घाडगे आणि जाधव यांची चौकट खिडकीजवळ.

उजव्या भिंतीचं पदक आता सोनेरीच ठेवायचं, म्हणजे पेंटरने केलेलं वाया जाणार नाही, फक्त जागा बदलेल. लांब भिंतीसाठी कांस्याचा रंग आणि जांभळी फीत. नावं लढाईच्या तारखेच्या क्रमाने लावतेय, सोमनाथ शर्मांपासून कारगिलपर्यंत.

जुना_सॅपर

छान ठरवलंत ताई. थापांच्या पुढचा तो शब्द काढला का, तेवढं कळवा.

पुस्तकवेडी

काढला काका, आज सकाळीच. त्या जागी लिहिलंय, 'मे १९६३ मध्ये कैदेतून परत आले.'