अनुभव धागा: पाळीला जाणाऱ्या कामगाराची सायकल, हाताची तीनचाकी आणि नाशिकचे रस्ते

धाग्याचं निमंत्रण
डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून सायकलवाल्यांत नाशिकचं नाव आदराने घेतलं जातं. इथे मात्र रोजच्या सायकलीबद्दल लिहायचंय. कॅरिअरला डबा लावून सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जाणारे कामगार, दुधाचे कॅन नेणारे, हाताने फिरवायच्या तीनचाकीवर बाहेर पडणारे यांच्यासाठी रस्ता आखताना काय चुकतं आणि काय जमतं, ते जाणकारांनी मापांसकट सांगावं.

सातपूरकर
रस्ता आखण्याआधी वाहनांची मोजणी होते, आधी ती बघा. एमआयडीसीत बहुतेक ठिकाणी पाळी सकाळी 7, दुपारी 3 आणि रात्री 11 ला बदलते. पहाटे 6 ते 7 आणि रात्री 10.30 ते 11.30 या वेळा वगळल्या, तर कामगाराची सायकल कागदावर येतच नाही. मग 'इथे सायकली नाहीत' म्हणायला सगळे मोकळे.

दुसरी मेख प्रत्येक वाहनाला दिलेल्या गुणांकात आहे. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या 106 क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत शहरी रस्त्यांवर मोटारीला 1, सायकलला 0.4 ते 0.5 आणि हातगाडीला 2 ते 3 गुण आहेत. वाहन रस्त्याची किती क्षमता खातं, ते या आकड्यातून कळतं. किती माणसं गेली, ते कळत नाही. या हिशोबात हातगाडीवाला कायम अडथळाच ठरतो. म्हणून अहवालात वाहनांच्या शेजारी माणसांचा रकाना मागा, आणि त्यात बायका, शाळकरी मुलं, तीनचाकीवाले वेगळे दाखवायला लावा.

तीनचाकी-दुरुस्ती
हाताची तीनचाकी साधारण 90 सेंटिमीटर रुंद आणि पावणेदोन-दोन मीटर लांब असते. गाड्या अडवायला सायकल मार्गाच्या तोंडाशी खांब रोवतात, त्यातल्या दोन खांबांत 1.2 मीटर मोकळी जागा हवी, आणि तीही सरळ रेषेत. नागमोडी खांबांतून ती वळत नाही. मागचं चाक अडकतं आणि एकट्याला ती मागे घेता येत नाही.

रॅम्पला 1:12 उतार म्हणजे पदपथाच्या 15 सेंटिमीटर उंच कडेला (कर्बला) 1.8 मीटर लांबी. प्रत्यक्षात अर्ध्या मीटरवर सिमेंटची पाचर मारून देतात. त्यावर व्हीलचेअर मागे उलटते आणि तीनचाकीचं पायठाण खाली घासतं. रॅम्प बरोबर बांधला तरी पुढे रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो आणि तळाशी कड तयार होते. दोन सेंटिमीटरची कडसुद्धा पुढचं चाक आडवं फेकते. त्यामुळे डांबरीकरणाच्या निविदेतच 'रॅम्पच्या तोंडाशी जुना थर खरवडून समतल करणे' हे कलम असायला हवं.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे रस्त्याचा आडवा ढाळ. पाण्यासाठी तो लागतोच, पण 1:50 पेक्षा जास्त झाला की तीनचाकी सतत गटाराकडे ओढली जाते. पुढे जायला आणि दिशा धरायला हात तेच, त्यामुळे खांदे भरून येतात.

इंदिरानगर
1.2 मीटर ठेवलं की मोटरसायकली घुसतात, त्याचं काय?

तीनचाकी-दुरुस्ती
घुसणारच. मोटरसायकलचं हँडल 75-80 सेंटिमीटर, म्हणजे तीनचाकी जाईल तिथून तीही जाईल. खांब जवळ आणून मोटरसायकल थांबत नाही, अपंग माणूस मात्र नक्की थांबतो. तिथे दंड आणि कॅमेरा हवा.

रस्तेकाम
पेव्हर ब्लॉक टाळा. पावसात खालची वाळू वाहते, ब्लॉक खचतात आणि भरलेली सायकल हेलकावे खाते. मशिनने अंथरलेलं डांबर बरं. गटाराच्या जाळीचे गज सायकलच्या दिशेला आडवे बसवा. उभे बसवले तर दीड इंची टायर कसंबसं निभावतं, इंचभराचं थेट आत जातं. सायकल मार्गाचा हिरवा रंग वळणावर पट्टाभर फासू नका, ओला झाला की घसरतो; रंगात खडीचा चुरा हवाच.

त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ या स्मार्ट रोडवर सायकल मार्ग आखला, पण तो रस्ता जेमतेम 1.1 किलोमीटरचा. तोच पट्टा त्र्यंबक रोडने सातपूरपर्यंत सलग गेला, तर कामगाराच्या कामाचा.

सिग्नलचा हिशोब
चौक 40 मीटर रुंद धरा. ताशी 12 किलोमीटरने जाणाऱ्या सायकलला तो ओलांडायला 12 सेकंद लागतात, ताशी साडेपाचने जाणाऱ्या तीनचाकीला 26. पिवळा दिवा तीन-चार सेकंदांचा. हिरव्याच्या शेवटी निघालेला माणूस मधोमध सापडतो. मोठ्या चौकात मध्ये थांबायला निदान 2.5 मीटर लांबीची सुरक्षित जागा द्या, म्हणजे तीनचाकी पूर्ण मावेल.

पंचवटी
2021 पासून सिटीलिंक ही शहर बससेवा धावतेय. सायकल मार्ग बसथांब्याच्या मागून न्या. पुढून नेला तर उतरणाऱ्याचा पहिला पाय सायकलसमोर पडतो. मात्र मागून नेताना ओलांडायची जागा पदपथाच्या उंचीला उचला आणि दोन्ही कडांना उठावदार ठिपक्यांच्या फरशा लावा. सायकलचा आवाज येत नाही, दृष्टिहीन माणसाला पायाखालूनच कळायला हवं.

सायकल स्टँड
पुढचं चाक खोचायचे स्टँड नकोत. वजनदार काळी सायकल कलली की रिम वाकते. उलट्या यू आकाराचे पाइप, 80 सेंटिमीटर उंच, एकमेकांपासून एक मीटरवर. टोकाला दीड मीटर जागा तीनचाकीसाठी राखा, आणि ती दाराजवळच्या टोकाला.