फोनवर वटवाघळांचा आवाज रेकॉर्ड का होत नाही?

दिवेलागण:
सोसायटीच्या दिव्याभोवती संध्याकाळी छोटी वटवाघळं घिरट्या घालतात. फोनवर रेकॉर्ड केलं की फक्त रातकिडे येतात. आवाज वाढवून, वेग कमी करूनही काही ऐकू येत नाही. माइक कमी पडतोय का? कमी खर्चात काय करता येईल? जाणकारांनी सांगावं.

निशाचर:
माइकपेक्षा सॅम्पल रेट आडवा येतोय. फोन बहुतेक वेळा सेकंदाला ४८,००० नमुने घेतो आणि कुठलाही ध्वनी नोंदवायला त्याच्या कंप्रतेच्या दुपटीहून जास्त नमुने लागतात. म्हणजे २४ किलोहर्ट्झला मर्यादा आली. त्यावरचं सगळं फाइल बनण्याआधीच गाळलं जातं, कारण न गाळल्यास ते खालच्या पट्टीत खोटे सूर म्हणून उमटेल. जे फाइलमध्ये उतरलंच नाही, ते वेग कमी करून कुठून मिळणार?

दिव्यावरचे किडे टिपणाऱ्या या छोट्या जातींच्या हाका बहुधा ४०-५० किलोहर्ट्झच्या आसपास असतात. आपला कान तरुणपणी २० पर्यंत जातो, पुढे वयाबरोबर उतरतो. हाक मात्र मुळीच क्षीण नसते. उघड्यावर शिकार करणाऱ्या जातींच्या तोंडापासून १० सेंमीवर १२० डेसिबल किंवा त्याहून जास्त!

फोनला ओटीजीने जोडायचा २५६ किंवा ३८४ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटचा यूएसबी माइक घ्या, किंवा ऑडिओमॉथसारखा छोटा रेकॉर्डर. फाइल वेव्हच ठेवा, एमपीथ्रीत वरच्या कंप्रता उडतात. ३८४ ला १६ बिट मोनो म्हणजे मिनिटाला सुमारे ४६ एमबी, त्यामुळे ट्रिगर लावा, म्हणजे हाक आली तरच रेकॉर्डिंग सुरू होईल. मग ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकचा रेट ३८,४०० करा: सगळं दहापट संथ होतं आणि ४५ किलोहर्ट्झची हाक ४.५ वर ऐकू येते.

रानवाट:
नुसतं ऐकायचं असेल तर हेटरोडाइन डिटेक्टर, म्हणजे हाक कानाच्या टप्प्यात उतरवून ऐकवणारं यंत्र, स्वस्त पडतो. तबकडी ४५ वर ठेवली आणि हाक ४७ ची असली, तर फरकाचा २ किलोहर्ट्झ स्पीकरवर येतो. नेहमीच्या शोधात सेकंदाला दहाएक टकटक ऐकू येतात. किडा हाताशी आला की त्या १५०-२०० वर जातात आणि सलग फर्रर्र होतं. ते ऐकलं म्हणजे झडप पडली समजा. ही फर्रर्र एकदा तरी ऐकाच.

निशाचर:
चुका बहुतेक मांडणीत होतात. पावसासाठी रेकॉर्डर जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातला की वरच्या कंप्रता दबतात. भिंतीला टेकवला तर प्रतिध्वनी मिसळून स्पेक्ट्रोग्रामवर (वेळेनुसार कंप्रता दाखवणाऱ्या चित्रावर) हाकेच्या दोन-तीन छाया दिसतात. दोन-अडीच मीटरच्या काठीवर मोकळा ठेवा. एलईडी दिव्याच्या ड्रायव्हरची आडवी सरळ रेघ येते, ती वटवाघळाची नव्हे. हवाच ५० किलोहर्ट्झला मीटरमागे एक डेसिबलहून जास्त शोषते, तेव्हा दिव्यापासून दहा-पंधरा मीटरच्या आतच बसा.

दिवेलागण:
धन्यवाद! वडावर लटकणारी मोठी वटवाघळंही याच माइकने ऐकू येतील?

रानवाट:
त्यांना माइक नको, फोन पुरेल. ती फळं खाणारी वटवाघळं छोट्यांसारखी हाकेचा प्रतिध्वनी ऐकून वाट काढत नाहीत. डोळे आणि नाक वापरतात. त्यांचा कलकलाट आपल्या कानाच्या टप्प्यातलाच असतो. फळखाऊंपैकी गुहेत राहणारी रुसेटस वेगळी: ती जिभेने टिचक्या मारून अंधारात वाट काढते. त्या टिचक्या क्षणिक आणि रुंद पट्टीच्या असतात, त्यामुळे तिथे ३८४ चा रेट ठेवा.