एमजीबी जीटी (१९७२) हळूहळू सुधारायची आहे, सुरुवात कुठून करू?

जीटी_लेस्टर

नमस्कार मंडळी. १९७२ ची एमजीबी जीटी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली आहे. क्रोम बंपर, राइट हँड ड्राइव्ह, ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स, वायर व्हील्स. इंजिन मूळचंच, १७९८ सीसी, दोन एसयू एचएस४ कार्बोरेटर (इंजिनला पेट्रोल-हवेचं मिश्रण देणारे). गाडी इथे इंग्लंडमध्येच राहणार. शनिवार-रविवार चालवायची आणि उन्हाळ्यात एखाद-दोन लांबचे फेरे मारायचे, एवढाच वापर.

सध्याच्या तक्रारी अशा. सिग्नलला पाच मिनिटं थांबलं की तापमानाचा काटा चढायला लागतो, गाडी पळायला लागली की उतरतो. अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला तर क्षणभर गाडी अडखळते आणि मग पिकअप घेते. खड्ड्यानंतर मागची बाजू दोन-तीनदा हेलकावते. ब्रेक सोडल्यावरही थोडा वेळ गाडी डावीकडे ओढते. आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार लावताना खाली मागच्या कोपऱ्यात घासतं.

बजेट वर्षाला दीड हजार पाउंडांच्या आसपास. पाना-स्क्रूड्रायव्हरचं काम घरी करतो, वेल्डिंग येत नाही. विकणाऱ्याचा सल्ला होता की एसयू काढून वेबर कंपनीचा कार्बोरेटर लावा, स्टेनलेसचा एक्झॉस्ट घाला आणि मागे टेलिस्कोपिक (नळीसारखे) शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवा, म्हणजे गाडी ‘जागी होईल’. हे करावं का, आणि कोणत्या क्रमाने?

पत्रेवाला

अभिनंदन! पण तुमच्या यादीतली सगळ्यात गंभीर गोष्ट तुम्ही शेवटी लिहिली आहे. दार घासतंय ते आधी बघा, वेबर नंतर.

या गाडीला वेगळी चॅसी नाही. दाराखालच्या सिलवर सगळा कणा उभा आहे. सिल म्हणजे बाहेरून दिसणारा एक पत्रा नव्हे. बाहेरचा सिल, आतला सिल, दोघांच्या मध्ये उभा पडदा, आणि खाली फ्लोअरलगत किल्ल्याच्या तटासारख्या आकाराची पट्टी, जिला इथे कॅसल रेल म्हणतात. पुढच्या मडगार्डच्या आत चाकाने उडवलेला चिखल साचतो, तिथून ओल सिलमध्ये उतरते आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर छिद्र दिसेपर्यंत आतला पडदा बहुतेक गेलेला असतो.

आधी बिजागरी वगळा. दार अर्धवट उघडून मागच्या टोकाला धरून वर-खाली हलवा. खुळखुळलं तर पिन झिजल्या आहेत, काम स्वस्तात सुटलं. दार घट्ट असेल तर ते बंद करून मागची फट वर आणि खाली मोजून लिहून ठेवा. मग पुढचं उजवं चाक स्प्रिंग पॅनखाली (स्प्रिंगच्या तळाच्या थाळीखाली) जॅक लावून उचला आणि पुन्हा मोजा. फट बदलली किंवा दार उघडायला जड झालं, तर सिल भार घेत नाहीये. सिलच्या जॅकिंग पॉइंटला मात्र हात लावू नका, गंजलेला असेल तर जॅक वर घुसेल.

पुढची तपासणी चुंबकाने. सिलच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला, चाकांच्या कमानीजवळ चुंबक फिरवा. धरत नसेल तिथे पुट्टी आहे. जुन्या सिलवर नुसता नवा पत्रा चिकटवून रंग मारलेल्या गाड्या भरपूर फिरतात. खरा सिल पुढच्या मडगार्डच्या आत खोल जातो, त्यामुळे मडगार्डचा खालचा भाग कापल्याशिवाय तो नीट बदलताच येत नाही. ‘सिल बदलले आहेत’ असं कोणी सांगितलं तर मडगार्डच्या खालच्या भागावर वेल्डची खूण शोधा. ती नसेल तर काम वरवरचं आहे.

वेल्डिंग करणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा आधार लावणार का? गाडीचा भार सस्पेन्शनवर ठेवून काम करणार का? एका वेळी एकच बाजू उघडणार ना? तिन्हींना ‘हो’ आलं तरच गाडी द्या. आधार न लावता कापलं तर बॉडी बसते आणि नव्या सिलसकट वाकडीच जोडली जाते, मग दार कधीच नीट लागत नाही. जीटीला छताचा आधार आहे, म्हणून उघड्या रोडस्टरइतकी ती पटकन बसत नाही, पण त्यावर विसंबू नका. काम झाल्यावर आत कॅव्हिटी वॅक्स मारा आणि पाणी जायची भोकं मोकळी आहेत ना ते स्वतः बघा.

तिथे आहातच तर मागच्या सीटखालच्या बॅटरीच्या पेट्याही बघा. या वर्षाच्या गाडीत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि त्यांच्या पेट्या तळाशी कुजतात.

टॅपेटकाका

पुण्याहून लिहितो. हे इंजिन आपल्याकडे परकं नाही. आपल्या अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन याच ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सीरीजचं, म्हणजे सख्खं भावंड. त्यामुळे त्याच्या खोडी ओळखीच्या आहेत.

वेबरचं आधी सांगतो. या हेडला एका बाजूला पाचच पोर्ट आहेत, दोन इनटेकचे आणि तीन एक्झॉस्टचे. दोन-दोन सिलिंडर एका इनटेकवर श्वास घेतात. इंजिनाची मर्यादा तिथे आहे, कार्बोरेटरमध्ये नाही. स्टँडर्ड कॅम आणि हेडवर नीट जुळवलेले दोन एसयू काढून वेबर लावला तर पैसे जातात, पेट्रोल जास्त जातं आणि रस्त्यावर जाणवण्यासारखं काही मिळत नाही.

तुमचं अडखळणं बहुधा फुकटात सुटेल. एसयूच्या डोक्यावरची काळी टोपी फिरवून डॅम्पर वर काढा. आत तेल हवं, पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या तोंडापेक्षा साधारण १३ मिमी वर. २० ग्रेडचं तेल चालतं. तेल आटलं असेल तर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच पिस्टन उसळून वर जातो, हवा एकदम वाढते, पेट्रोल मागे राहतं, आणि तेवढा क्षण गाडी अडखळते. तेल भरूनही तेच होत असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम नळीचं कार्बोरेटरकडचं टोक काढून तोंडाने ओढा. आतली प्लेट हलायला हवी आणि ओढ टिकायला हवी. टिकली नाही तर डायफ्रॅम फाटला आहे.

त्यानंतर ट्यूनिंग, आणि क्रम मोडायचा नाही: टॅपेट (व्हॉल्व्हची फट), पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला ठिणगीचा स्विच), टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), शेवटी कार्बोरेटर. लोक कार्बोरेटरपासून सुरू करतात आणि आठवडाभर गोल फिरतात.

टॅपेटची फट ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी, इंजिन थंड असताना. प्लग काढा, टॉप गिअर टाका आणि गाडी ढकलून इंजिन फिरवा. व्हॉल्व्ह पुढून १ ते ८ मोजा आणि बेरीज ९ लक्षात ठेवा. ८ नंबरचा पूर्ण दाबलेला असताना १ नंबरचा मोजायचा, ६ दाबलेला असताना ३, ४ दाबलेला असताना ५, असं आठही. फिलर गेजची पट्टी लोण्यातून सुरी जावी तशी सरकली तर फट जास्त आहे. किंचित ओढ लागली पाहिजे. सेट करण्याआधी आठही आकडे कागदावर लिहा. तो कागद फार उपयोगी पडतो.

पॉइंटची फट ०.०१५ इंच, प्लगची ०.०२५ इंच. हल्लीचे नकली कंडेन्सर आणि रोटर लवकर जातात. रोटरमध्ये पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेली असेल तर करंट रिव्हेटमधून शाफ्टला उतरतो आणि इंजिन गरम झाल्यावरच मिसिंग सुरू होतं. रिव्हेट नसलेला लाल रोटर घ्या. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक किट लावलं तरी चालेल, पण जुने चांगले पॉइंट आणि कंडेन्सर गाडीतच ठेवा. रस्त्यात किट गेलं तर अर्ध्या तासात परत लावता येतात.

टायमिंग लाइटने बघा. व्हॅक्यूम नळी काढून बंद करायची आणि ३५०० ते ४००० आरपीएमला एकूण अ‍ॅडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते) ३२ अंशांच्या आसपास आणायचा. टायमिंग मागे असेल तर उष्णता एक्झॉस्टमध्ये आणि पाण्यात जाते. सिग्नलला तापण्यामागे हे कारण निम्म्या वेळा असतं. पेट्रोल सुपर घ्या, ई५ वालं, म्हणजे जास्तीत जास्त ५ टक्के इथेनॉलचं. रबरी नळ्या जुन्या असतील तर इथेनॉल सोसणाऱ्या आर९ दर्जाच्या घाला, इथेनॉल जुनं रबर आतून सोलतं.

मिक्श्चरची परीक्षा अशी: गरम इंजिन, आयडलिंगवर, कार्बोरेटरच्या बाजूची पिन हलकेच वर करून पिस्टन जेमतेम १ मिमी उचला. आरपीएम वाढून तसंच राहिलं तर मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त). इंजिन बसायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी). क्षणभर वाढून स्थिरावलं तर बरोबर. हे करण्याआधी थ्रॉटल स्पिंडलच्या दोन्ही टोकांवर कार्ब क्लीनर फवारा. आरपीएम हललं तर तिथून हवा ओढली जाते आहे, मग कितीही जेट फिरवा, आयडलिंग बसणार नाही.

तापण्याचं दुसरं कारण ब्लॉकमधला गाळ. मागच्या बाजूला ब्लॉकचा ड्रेन टॅप आहे. तो उघडून पाणी आलं नाही तर आत चिखल बसला आहे. जाड तारेने टोचून मोकळा करा आणि होज लावून उलट्या दिशेने धुवा. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा, रेडिएटर कॅप १० पाउंडांची. थर्मोस्टॅट काढून टाकू नका, तो उपाय नाही.

पाटा_कमान

ब्रेकचं मी सांगतो, कारण ते इंजिनाच्या आधीचं काम आहे. ब्रिटनमध्ये विकलेल्या या वर्षाच्या गाडीत ब्रेकचं सर्किट एकच असतं. मास्टर सिलिंडरचं एक सील गेलं की चारही चाकांचा ब्रेक जातो, हाती उरतो फक्त हँडब्रेक.

डावीकडे ओढते तेव्हा पुढचं डावं चाक उचला, ब्रेक दाबून सोडा आणि चाक फिरवा. अडलं तर कॅलिपरचा ब्लीड निपल उघडा. तेल उडालं आणि चाक सुटलं, तर रबरी नळी आतून सुजली आहे: पाय दाबतो तेव्हा तेल पुढे जातं, पण परत येत नाही. निपल उघडूनही चाक अडलेलंच राहिलं तर कॅलिपरचा पिस्टन गंजला आहे. एक नळी गेली म्हणजे तिन्ही बदला, पुढच्या दोन आणि मागची एक. तेल डॉट ४, दर दोन वर्षांनी नवं.

वायर व्हील काढाल तेव्हा हबच्या स्प्लाइनवर (चाक पकडणाऱ्या दातांवर) बोट फिरवा. दात माथ्यावर सपाट हवेत. करवतीसारखे टोकदार झाले असतील तर हब आणि चाक दोन्ही गेले, फक्त एक बदलून नवंही लवकर झिजतं. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा: २३१२ म्हणजे २०१२ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी एवढं जुनं रबर ओल्यात धरत नाही.

मागच्या हेलकाव्यासाठी टेलिस्कोपिक किट घेण्याआधी आत्ताच्या लिव्हर आर्म (तरफेच्या) शॉकमधलं तेल बघा. गळत नसतील तर २० ग्रेडचं तेल भरून भागतं. गळत असतील तर रिकंडिशन केलेले घ्या, ते किटपेक्षा स्वस्त पडतात आणि बसवायला कापाकापी लागत नाही. पुढचा शॉक तर शॉक नुसता नाहीच, वरचा विशबोनही (चाक धरणारा हात) तोच आहे.

या गाडीची सगळ्यात चांगली स्वस्त सुधारणा म्हणजे व्ही८ मॉडेलचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे), खालच्या विशबोनच्या आतल्या टोकाला. चार लागतात. स्टिअरिंग लगेच नेमकं होतं. आणि किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खुंट) दर ३००० मैलांनी ग्रीस, चाक उचलून. चाक जमिनीवर असताना मारलं तर भार असलेल्या बाजूला ग्रीस पोचत नाही.

जीटी_लेस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. बिजागरीत खेळ नाही, जॅकवर फट बदलते. म्हणजे सिल. डावी नळी सुजलेली निघाली, तिन्ही मागवल्या. डॅम्परमध्ये तेल नव्हतं, भरल्यावर अडखळणं गेलं. टॅपेट मोजले: सगळे ०.०१४ ते ०.०१५, पण ४ नंबर ०.००८ आणि ५ नंबर ०.००९. काळजीचं आहे का?

टॅपेटकाका

लक्ष ठेवण्यासारखं आहे. ४ आणि ५ हे दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. दोघांचा धूर मधल्या एकाच पोर्टमधून जातो, म्हणून हेडमध्ये सगळ्यात जास्त उष्णता तिथे. जुनी सीट शिशाच्या पेट्रोलसाठी होती. अनलेडेडवर व्हॉल्व्ह सीट कोरत आत जातो, तसा दांडा वर येतो आणि फट मिटत जाते. फट शून्य झाली की व्हॉल्व्ह बसत नाही आणि जळतो.

आज दोन्ही ०.०१५ ला आणा, ओडोमीटरचा आकडा लिहा, ५०० मैलांनी पुन्हा मोजा. फट तेवढीच राहिली तर आधीच्या माणसाने चुकीची सेट केली होती. पुन्हा मिटली तर सीट जातेय. तोवर लेडऐवजी वापरायचं अ‍ॅडिटिव्ह घाला आणि फार तापवून पळवू नका.

हेड उतरवावं लागलं तर चारही एक्झॉस्टला कडक सीट, नवे गाइड, नवे सील एकदाच करा. पोर्ट साफ करायचे तर तेव्हाच, वेगळा खर्च येत नाही. एक धोका: रॉकर शाफ्टच्या चार मोठ्या नटांवरच हेडही आवळलेलं आहे. नुसता शाफ्ट काढायचा म्हणून ते चार सोडले तर हेड एका बाजूने ताणलं जातं आणि गॅस्केट जातं. पाणी काढून अकराही नट थोडे-थोडे ढिले करायचे. परत आवळताना मधून बाहेर, तीन टप्प्यांत, ४५ ते ५० पाउंड-फूट.

पत्रेवाला

मग या वर्षाचे पैसे सिलला, दुसरं काही नको. ब्रेकच्या नळ्या आणि तेल मात्र लगेच. पुढच्या वर्षी हेड किंवा शॉक, जे आधी बोलेल ते.

कागदपत्रांचं थोडक्यात: ४० वर्षांवरची गाडी रोड टॅक्स आणि एमओटीमधून (वार्षिक तपासणी) सुटते, हिस्टॉरिक वर्गात नोंद असेल तर लंडनच्या यूलेझमधूनही (धुराच्या शुल्काचा पट्टा). तरी सिलचं काम झाल्यावर स्वखुशीने एमओटी करून घ्या. वेल्डिंग दुसऱ्या डोळ्यांनी तपासलं जातं. आणि जो बदल कराल तो विमा कंपनीला कळवा.

आणखी एक. हेडलाइटचा सगळा करंट आजही डॅशच्या स्विचमधून जातो. दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारे स्विच) लावा, दिवे उजळ होतात आणि स्विच वाचतो. हे काम एका दुपारचं आहे, सिलसाठी गाडी द्यायच्या आधीही होईल. फक्त बॅटरीची वायर आधी काढा.