मदत हवी आहे: ९ ते ११ वर्षांच्या मुलांना स्वच्छता आणि वयात येणं कसं शिकवावं?

खडू_डस्टर
२४ मुलंमुली, ४० मिनिटांचे दोन तास. पहिल्यात स्वच्छता, दुसऱ्यात शरीरातले बदल. हात धुण्याच्या पायऱ्या सगळ्यांना तोंडपाठ आहेत, तरी अंगठा आणि नखं राहतातच. घामाच्या वासाचा विषय निघाला की वर्ग एकाच कुणाकडे तरी बघून खिदळतो. आणि पाळीबद्दल बोलताना मुलग्यांना बाहेर पाठवावं का?

साबणवडी
पायऱ्या पुन्हा सांगू नका, दाखवा. तळहातावर चार थेंब तेल, वर चिमूटभर रंगीत चमकी, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत चोळायला लावा. आधी नुसत्या पाण्याने धुऊ द्या. चमकी जागची हलत नाही. मग साबण लावून २० सेकंद. आता जिथे चमकी उरली असेल, ती त्या मुलाची विसरलेली जागा: बहुतेक अंगठ्याचं मूळ, बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा. हात स्वच्छ होईपर्यंत डोळे चोळायचे नाहीत हे आधीच बजावा, चमकी टोचते.

मोजपट्टी
घामाचं म्हणाल तर आधी कारण सांगा, उपाय नंतर. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. वयात येताना काखेतल्या आणि जांघेतल्या वेगळ्या घामग्रंथी कामाला लागतात, त्यांच्या घामावर त्वचेवरचे जिवाणू ताव मारतात आणि वास येतो. म्हणजे हे प्रत्येकाचं होणार, कुणाचं आधी, कुणाचं नंतर. एवढं कळलं की हसायला माणूस उरत नाही.
उपाय: काख साबणाने धुवायची, पूर्ण कोरडी करायची, बनियन आणि मोजे रोज बदलायचे. शिळ्या घामावर डिओडरंट फवारलं तर दोन्ही वास एकत्र येतात, दुसरं काही होत नाही.

निळी_शाई
मुलग्यांना बाहेर पाठवू नका. दार लावून सांगितलेली गोष्ट मधल्या सुट्टीत चिडवायला वापरली जाते. सगळ्यांना एकत्र सांगा, शेवटची १० मिनिटं हवं तर वेगळी बसवा. विषय पुढेही ढकलू नका. मुलींमध्ये बदल ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान सुरू होतात आणि स्तनांची वाढ सुरू झाल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. तुमच्या वर्गात एखादीला आलेलीही असेल.
'खूप रक्त जातं' ही भीती मापाने जाते. एका पाळीत साधारण दोन-तीन मोठे चमचे. तेवढं रंगीत पाणी पेल्यात घेऊन दाखवा, मग त्यातलं थोडं पॅडवर ओता. पॅड दर ४ ते ६ तासांनी बदलायचं, डाग कमी असला तरी. सुरुवातीची एक-दोन वर्षं तारखा पुढे-मागे होतात, हेही सांगून टाका. धुताना फक्त बाहेरून, पाण्याने. आत साबण गेला की जळजळ होते. शौचानंतर पुसायचं ते पुढून मागे.

खडू_डस्टर
आभार. मुलग्यांसाठी वेगळं काही?

मोजपट्टी
हो, तेच नेहमी राहून जातं. सुरुवात आवाजाने किंवा मिशीने होत नाही, वृषण वाढण्याने होते, ९ ते १४ च्या दरम्यान. उंची मुलींची आधी वाढते, मुलगे साधारण दोन वर्षं मागे असतात. बुटक्या म्हणवल्या जाणाऱ्या मुलाला हे एवढंच ऐकायचं असतं. बऱ्याच मुलग्यांना स्तनाग्राखाली दुखरी गाठ येते आणि ते कुणाला सांगत नाहीत. बहुधा वर्ष-दोन वर्षांत ती विरते. झोपेत वीर्य येणं हाही आजार नाही. लिंगाची कातडी सहज सरकेल तेवढीच मागे घेऊन धुवायची, ओढायची नाही.
मुलीत ८ आणि मुलात ९ वर्षांच्या आधी बदल दिसले, तर पालकांना डॉक्टरांकडे जायला सांगा.

साबणवडी
प्रश्नपेटी ठेवणार असाल तर प्रत्येकाला चिठ्ठी टाकायला लावा, प्रश्न नसेल त्याने 'नाही' लिहायचं. नाहीतर कोण लिहितंय याच्यावरच सगळ्यांचं लक्ष. पेन्सिली सारख्या द्या आणि चिठ्ठ्या घरी नेऊन वाचा, अक्षर ओळखणारे वर्गात बसलेले असतात.