सर्चमध्ये नाही म्हणजे नाहीच, असं नसतं

वर कोणीतरी म्हटलंय की आता सगळं ऑनलाइन मिळतं, मग रिसर्चसाठी छापील पुस्तकं चाळत बसायचं कशाला. अर्धं पटलं. जर्नलमधले लेख शोधायला डेटाबेसला तोड नाही, जेस्टोर (जुन्या जर्नलांचा ऑनलाइन संग्रह) १९९५ च्या सुमाराचं, त्याआधी बहुतेक लोक लेखांच्या छापील सूच्या वर्षावर्षाच्या उलटत बसायचे. शिवाय एखादा पेपर नंतर मागे घेतला तर ऑनलाइन पानावर सहसा तशी नोंद येते, कपाटातल्या बाइंड केलेल्या अंकाला बिचाऱ्याला ते कळणार कसं!

पण जुनं मराठी शोधताना जपून. स्कॅनमागचा मजकूर मशीनने वाचलेला असतो, त्यात घ चा ध होतो, भ चा म होतो, म्हणजे तुम्ही 'भाषा' टाकता आणि आत 'माषा' पडलेलं असतं, मग रिझल्ट शून्य. माझं झालंय हे. सर्च कोरा आला म्हणून एक पुस्तक सोडून दिलं, नंतर सहज मागची सूची बघितली तर तोच विषय, पुढे चक्क तीन पान नंबर. कोणीतरी माणसाने बसून केलेली असते हो ती सूची.

आणि कपाटात शेजारी काय ठेवलंय तेही बघा, ड्युई पद्धतीत (लायब्ररीत विषयाला नंबर देऊन पुस्तकं लावतात ती) एका विषयाची पुस्तकं जवळजवळ येतात, न शोधलेलंच कधीकधी हाताला लागतं.

वेबपेज वापरलंच तर कुठल्या तारखेला बघितलं ते लिहून ठेवा, डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) असेल तर तोच द्या, साध्या लिंका मरतात.