हायपोत (ब्लीचमध्ये) भिजवलेली धातूची कवळी काळी पडली: डाग की गंज?

रबाळेकर_काका
मंडळी, 31 वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल प्लांटच्या मेंटेनन्समध्ये काढली. हायपोची, म्हणजे ब्लीचची, पाइपलाइन एसएस 316 या स्टेनलेस स्टीलमध्ये टाका म्हणणाऱ्या साहेबांशी भांडलोय. शेवटी टाकलीच, आणि वर्षाच्या आत वेल्डच्या कडेला सुईएवढं भोक पडून गळायला लागली. आता तेच माझ्या तोंडात झालंय की काय कळेना.

खालची अर्धी कवळी आहे, कोबाल्ट-क्रोमची, दोन्हीकडे हूक. चहाचे डाग जावेत म्हणून हिने कपड्यांचं ब्लीच वाटीभर पाण्यात घालून कवळी रात्रभर त्यात ठेवली. सकाळी गुलाबी भाग लख्ख आणि धातू काळपट. गुलाबी प्लॅस्टिक धातूला मिळतं त्या रेघेवर तर काजळ फिरवल्यासारखं. हिला काय बोलणार, बाटली मीच आणून ठेवलेली. तेव्हापासून तोंडाला पत्रा चाटल्यासारखी चव येते. डावा हूक ज्या दाढेवर बसतो तिच्यात जुनं चांदीचं फिलिंग आहे.

316 मध्ये क्रोमियम 16 ते 18 टक्के, या धातूत म्हणे 25 ते 30. मग काळं पडलंच कसं? नुसतं पॉलिश मारून चालेल का?

लॅबवाला_नौपाडा
काका, क्रोमियम कितीही असो, त्याने तयार होणारा, गंज रोखणारा वरचा ऑक्साइडचा पापुद्रा काही नॅनोमीटरचाच. लाळेतलं क्लोराइड तो सोसतो, ओरखडा पडला तर स्वतःच भरून काढतो. या धातूंची परीक्षा होते लॅक्टिक आम्ल आणि मिठाच्या पाण्यात: पीएच 2.3, 37 अंश, 7 दिवस. आयएसओ 22674 या दातांच्या धातूंच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तेवढ्यात दर चौरस सेंटिमीटरला 200 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त धातू सुटायला नको. या परीक्षेत हायपो कुठेच नाही. हा धातू आंबट चटणीला तयार केलाय, तुम्ही त्याला ब्लीच पाजलंत.

रेघेचं म्हणाल तर तिथे फट असते. आत पाणी साचतं, प्राणवायू पोचत नाही, पापुद्रा सांधत नाही. तुमच्या पाइपजोडावर फ्लँजच्या गॅस्केटखाली होतं तेच.

पॉलिशने काळं जाईल. पण हूकवर खड्डे असतील तर पॉलिशच्या नादात तो बारीक होतो, आणि रोज काढ-घाल करताना खड्ड्यापासूनच तुटतो. आधी भिंगातून बघा.

मृण्मयी_ऐरोली
थोडं विषयाबाहेर. मला नकली कानातल्यांनी कान चिघळतात. दाढेला कॅप बसवायची आहे आणि कोटेशनवर नुसतं 'मेटल' लिहिलंय. विचारू का कुठलं?

लॅबवाला_नौपाडा
ताई, विचाराच. स्वस्तातली मेटल कॅप बहुतेक निकेल-क्रोमची, त्यात निम्म्याहून जास्त निकेल. 0.1 टक्क्याच्या वर निकेल असेल तर कंपनीला पाकिटावर सांगावं लागतं, म्हणजे लॅबला माहीत असतंच. काही लॅब कास्टिंगचं उरलेलं बटण (साच्यात ओतून उरलेला धातूचा गोळा) पुन्हा पुन्हा वितळवतात, हेही विचारा. आमच्या धंद्यातले लोक मला शिव्या घालतील, घालू देत.

दंतवैद्य_वाशी
काका, चव फिलिंगमुळेही असू शकते. हूक आणि चांदीचं फिलिंग हे दोन वेगळे धातू, मध्ये लाळ, म्हणजे छोटी बॅटरीच. त्यात झिजतं ते फिलिंग. दाढ दाखवून घ्या. आणि क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश वापरत असाल तर तपकिरी डाग त्याचाही असतो, तो गंज नव्हे. कवळी साबण आणि मऊ ब्रशने धुवा, बस्स.

रबाळेकर_काका
नातवाचं पोस्टाच्या तिकिटांचं भिंग घेऊन खिडकीत बसलो. रेघेवरचं काळं बरंचसं ब्रशने निघालं. उजवा हूक साफ. डाव्याच्या आतल्या बाजूला, फिलिंगला टेकतो तिथेच, टाचणीने टोचल्यासारखे चार खड्डे. 31 वर्षं हेच बघत आलो, ओळखायला वेळ लागला नाही. सोमवारी कवळी आणि दाढ दोन्ही दाखवतो. हूक नवा करायचा म्हणाले तर धातूच्या पाकिटाचा फोटो मागणार आहे.