व्होल्व्हो २४०: टर्बोला कोणता गिअरबॉक्स?

व्होल्व्हो ९४० मधलं, मूळचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला जोडलेलं बी२३०एफटी हे टर्बो इंजिन २४० मध्ये बसवून मागे एम४७ हा मॅन्युअल गिअरबॉक्स लावायचा, असा एकाचा बेत वाचला. मी तरी एम४७ लावणार नाही. त्याला पाच गिअर आहेत हे खरं, पण टर्बोचा टॉर्क तो फार दिवस सोसत नाही. कंपनीनेच २४० टर्बोला एम४६ दिला होता, चार गिअर आणि वर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पाचव्या गिअरसारखा जोड. बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवायचा विचार असेल तर सरळ एम९० हा दणकट गिअरबॉक्स शोधा.

गिअरबॉक्सइतकंच लक्ष फ्लायव्हीलकडे, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकाच्या जड चाकाकडे द्या. एलएच २.४ ही इंधन-इंजेक्शन प्रणाली असेल तर क्रँकची स्थिती ओळखणारा क्रँक सेन्सर फ्लायव्हीलच्या कडेवरूनच सिग्नल घेतो. ती ठरावीक खाचांची कड नसलेलं जुनं फ्लायव्हील लावलंत, तर स्टार्टर फिरेल पण ठिणगी पडणार नाही. खरेदीआधी कड हाताने चाचपून बघा.

इंजिन ऑटोमॅटिकचं असल्याने क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं पुढचं टोक पेलणारं) आहे का तेही बघा. नसेल तर आत्ताच बसवा, नंतर त्यासाठी अख्खा गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. गाडीही मूळची ऑटोमॅटिक असेल तर स्टार्ट इनहिबिटरच्या (पार्क किंवा न्यूट्रलमध्ये नसताना स्टार्टर अडवणाऱ्या स्विचच्या) वायरी एकमेकींना जोडून टाका.

गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचं माप मात्र गिअरबॉक्स जागेवर बसल्यावरच घ्या.